मशीन नवे की उपचार चोख? किरणोपचाराविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत ज्याला ‘शेक देणे’ म्हणतात, त्या किरणोपचाराविषयी आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. चारही पत्रांत शंका एकच आहे : माझ्या माणसाला मिळणारा उपचार चांगल्या दर्जाचा आहे की नाही, हे मी कसे ओळखू? मी वैद्यकीय भौतिकशास्त्रात काम केलेला माणूस आहे. त्यामुळे उत्तरे त्या बाजूने दिली आहेत. प्रत्यक्ष उपचाराचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचाच राहील.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६२ आहे. त्यांना अनेक वर्षे खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, सवय होती. गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वी झाली असून आता ३० दिवसांचे रेडिएशन सांगितले आहे. नागपुरात आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणचे मशीन अगदी नवे आहे, पण नंबर महिनाभराने लागेल. दुसऱ्या ठिकाणचे मशीन काही वर्षे जुने आहे, मात्र पुढच्याच आठवड्यात तयारी सुरू करता येईल असे ते सांगतात. नातेवाइकांपैकी कोणी नव्या मशीनचा आग्रह धरतात, कोणी मुंबईला न्या म्हणतात. आम्ही कशावरून ठरवावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत स्पष्ट आहे. पुढे लिहिलेल्या गोष्टींची समाधानकारक उत्तरे मिळत असतील, तर दुसऱ्या ठिकाणी उपचार सुरू करावेत. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. आपले तीन आठवडे आधीच गेले आहेत. आणखी महिनाभर थांबलात, तर ही मुदत नंबर लागण्यापूर्वीच संपेल, आणि शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या सूक्ष्म पेशी त्या काळात वाढतच राहतील. मशीनच्या नवेपणाने ही हानी भरून येत नाही.

आता दर्जाविषयी. योग्य जागी, योग्य मात्रेत, ठरलेल्या मुदतीत किरण देणे आणि शेजारच्या निरोगी अवयवांना शक्य तेवढे वाचवणे, एवढे चार भाग किरणोपचारात असतात. या चारपैकी प्रत्येक काम ज्याने केले त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी तपासले आहे का, यावर दर्जा उभा असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा डोके आणि मानेच्या कर्करोगावरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळाला, ज्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तो अभ्यास मुळात एका औषधासाठी होता. औषधाचा विशेष फायदा दिसला नाही. परंतु प्रत्येक रुग्णाचे किरणोपचाराचे नियोजन तज्ज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांच्या नियोजनात रोगनियंत्रणावर परिणाम करू शकतील अशा मोठ्या त्रुटी सापडल्या. नियोजन चोख असलेल्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी सुमारे ७० टक्के हयात होते. मोठ्या त्रुटी असलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले होते. वीस टक्क्यांचा असा फरक एखाद्या नव्या औषधाने घडवला असता, तर त्याची सर्वत्र चर्चा झाली असती. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : ज्या केंद्रांनी अगदी मोजकेच रुग्ण दिले होते, तेथे त्रुटींचे प्रमाण बरेच जास्त होते. म्हणून मशीनचे नाव विचारण्याआधी ‘तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण आपण दर महिन्याला करता?’ हे अवश्य विचारा. विदर्भात खर्ऱ्यामुळे या रोगाचे रुग्ण दुर्दैवाने इतके आहेत की नागपुरातील चालत्या केंद्राला या कामाचा सराव असतोच.

वर सांगितलेल्या त्रुटी मुख्यतः नियोजनाच्या टप्प्यावर घडतात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. प्रथम रुग्णाच्या चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मास्क बसवून सीटी स्कॅन काढतात. मग डॉक्टर स्कॅनच्या एकेका चित्रावर किरण कुठे पोहोचले पाहिजेत तो भाग आखतात आणि मज्जारज्जू, लाळग्रंथी, जबडा, डोळे हे वाचवायचे अवयवही आखतात. ही आखणी चुकली, तर पुढचे सर्व काम कितीही अचूक झाले तरी किरण चुकीच्या जागी अचूकपणे पडतात. त्यामुळे आखणी करताना शस्त्रक्रियेचा तपशील आणि पॅथॉलॉजीचा अहवाल डॉक्टरांच्या समोर असणे अत्यावश्यक आहे. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात आणि किरणोपचार दुसरीकडे असतील, तर हे दोन्ही कागद घरच्यांनी स्वतः नेऊन द्यावेत. आखणी दुसरे तज्ज्ञ पाहतात का, हेही विचारावे. अनेक चांगल्या केंद्रांत आठवड्यातून एकदा सगळे डॉक्टर एकत्र बसून नव्या रुग्णांची नियोजने पाहतात.

यानंतर संगणकावर मात्रेची मांडणी होते. आपल्या वडिलांना बहुधा ३० भागांत ६० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), म्हणजे दररोज २ ग्रे, अशी मात्रा सांगितली असेल. लक्ष्यभागाच्या किमान ९५ टक्के घनफळाला ठरलेल्या मात्रेच्या ९५ टक्के तरी मिळावी, मज्जारज्जूवरील मात्रा साधारण ४५ ते ५० ग्रेच्या आत राहावी आणि निरोगी बाजूच्या कानाखालील लाळग्रंथीवर सरासरी सुमारे २५ ग्रेपेक्षा कमी पडावे, असे ठोकताळे असतात. ट्यूमरची जागा लाळग्रंथीला अगदी चिकटून असेल, तर तिसरी अट सोडावी लागते आणि ती सोडणे योग्यच असते. आपण डॉक्टरांना म्हणावे, ‘प्लॅन संगणकावर पाच मिनिटे दाखवाल का? कोणता अवयव वाचला आणि कोणता वाचवता आला नाही, ते समजून घ्यायचे आहे.’ ज्यांनी काम मन लावून केले आहे, त्यांना हा प्रश्न खटकत नाही, असा माझा अनुभव आहे.

संगणकाने मांडलेली मात्रा मशीनमधून प्रत्यक्षात तितकीच बाहेर पडते का, हे पाहणे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचे काम असते. रुग्णालयात त्यांना मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात, आणि ते रुग्णाला फारसे दिसत नसले तरी त्यांच्याशिवाय किरणोपचार केंद्र चालवण्याची परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळ देत नाही. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि देशातील प्रत्येक किरणोपचार मशीनला त्याचा परवाना लागतो. रोज सकाळी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी मशीनची मात्रा तपासतात; ती ठरलेल्या आकड्यापासून ३ टक्क्यांहून अधिक ढळली, तर कारण सापडेपर्यंत काम थांबवायचे असते. महिन्याच्या तपासणीत हीच सूट २ टक्क्यांची होते. बाजारातील तराजूवर जसा वजनमाप खात्याचा शिक्का लागतो, तसेच मात्रा मोजण्याच्या उपकरणालाही ठरावीक मुदतीने बाहेरच्या अधिकृत प्रयोगशाळेकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. त्याखेरीज बाहेरची तपासणीही असते : किरणांची नोंद ठेवणारी लहान कॅप्सूल टपालाने केंद्रात येते, ठरलेली मात्रा देऊन परत पाठवली जाते आणि प्रयोगशाळा सांगते की प्रत्यक्षात किती मात्रा पडली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी ही पद्धत १९६९ पासून जगभर चालवली, आणि आपल्याकडे हे काम मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र करते. त्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरतात.

या तपासण्या कशासाठी, हे कोस्टा रिकातील १९९६ च्या घटनेवरून कळते. तेथील एका रुग्णालयात कोबाल्ट मशीनचा नवा किरणोत्सर्गी स्रोत बसवल्यावर मात्रेचा हिशेब करताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असे धरले गेले. वास्तविक ते १८ सेकंद होतात. मशीन ठणठणीत होते. दशांश चिन्हाच्या या एका घोटाळ्यामुळे शंभराहून अधिक रुग्णांना दीडपटीहून जास्त मात्रा मिळाली आणि त्यांतील काहींचा त्यात मृत्यू झाला. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे हिशेब केला असता, तर पहिल्याच दिवशी चूक पकडली गेली असती. म्हणून ‘माझ्या वडिलांचा प्लॅन मशीनवर आधी मोजून पाहिला का?’ हा प्रश्न आपण भौतिकतज्ज्ञांना विचारावा. गुंतागुंतीच्या आधुनिक पद्धतींत रुग्णाला टेबलावर घेण्यापूर्वी त्याचाच प्लॅन मोजणी-यंत्रावर चालवून संगणकाच्या मांडणीशी ताडून पाहतात.

राहिला रोजचा भाग. मास्क घट्ट बसतो का आणि रुग्ण रोज त्याच स्थितीत येतो का, हे मशीनवरच काढलेल्या एक्स-रे किंवा लहान स्कॅनच्या चित्रावरून तपासतात. मान-चेहऱ्याच्या उपचारात लक्ष्याभोवती साधारण ३ ते ५ मिलीमीटरच मोकळीक सोडलेली असते. आपले वडील जेवण कमी करतील, वजन उतरेल आणि चौथ्या आठवड्यापर्यंत मास्क सैल होईल, ही शक्यता मोठी आहे. असे झाल्यास नवा स्कॅन आणि गरज पडल्यास नवा प्लॅन करावा लागतो. त्यामुळे दर आठवड्याला वजन नोंदवले जाते का, याकडे लक्ष ठेवा. मास्क सैल वाटतो, असे वडील म्हणाले, तर त्याच दिवशी तंत्रज्ञांच्या कानावर घाला. तसेच उपचार सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याची तपासणी व्हायलाच हवी. किडलेले दात आधीच काढून, जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात. ही सूचना ज्या केंद्रातून न विचारता मिळाली, त्या केंद्राविषयी माझे मत लगेच चांगले होते.

नवे मशीन कशातच उपयोगी नाही, असे मात्र नाही. किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटी पद्धतीमुळे लाळग्रंथी वाचते. घशाच्या कर्करोगावरील एका ब्रिटिश चाचणीत एक वर्षानंतर तोंडाला लक्षणीय कोरड पडलेल्या रुग्णांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर या पद्धतीत ३८ टक्के होते. जेवणाच्या प्रत्येक घासागणिक जाणवणारा हा फरक आहे. परंतु ही सोय काही वर्षे जुन्या लिनॅक (विजेवर किरण निर्माण करणाऱ्या) मशीनवरही असते, तेव्हा मशीनचे वय न विचारता ‘आयएमआरटी आणि मशीनवरचे स्कॅन उपलब्ध आहे का?’ असे विचारा. मुंबईचे म्हणाल, तर सहा आठवडे तेथे राहणे, खर्च आणि वृद्ध माणसाची गैरसोय यांच्या बदल्यात आपल्या वडिलांच्या आजारात विशेष काही पदरात पडेल असे मला वाटत नाही. दुसरे मत हवेच असेल, तर कागदपत्रे आणि स्कॅन पाठवून घेता येते, आणि त्यासाठी उपचार थांबवण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझ्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. आम्ही नागपुरात खोली घेऊन राहत आहोत. २५ पैकी १४ शेक झाल्यावर मशीन बंद पडले आणि पाच दिवस उपचार झाला नाही. ‘शेवटी तेवढे दिवस वाढवून देऊ, काही फरक पडत नाही,’ असे आम्हाला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : मशीन बंद पडणे हा कोणाचा दोष नसतो, उत्तम केंद्रातही ते घडते. पण ‘काही फरक पडत नाही’ हे म्हणणे मला मान्य नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे किरण आणि आतून दिली जाणारी ब्रॅकीथेरपी मिळून सर्व उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, पूर्ण व्हावेत अशी शिफारस आहे, कारण उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या कर्करोगपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. जितके दिवस खंड, तितका त्यांना अवसर. केंद्राच्या दर्जाची खरी परीक्षा अशा वेळी होते : खंड पडल्यावर तो भरून काढण्याची योजना डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञांनी लेखी केली का?

खंड भरून काढण्याचे मार्ग आहेत. शनिवारी किंवा सुटीच्या दिवशी जादा शेक देता येतो. एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देता येतात. किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनवर रुग्ण हलवता येतो. मशीन वेगळ्या जातीचे असेल, तर नवा प्लॅन करावा लागतो. ब्रॅकीथेरपी बाहेरचे किरण संपण्याची वाट न पाहता शेवटच्या आठवड्यांत मध्येच सुरू करता येते, मात्र त्या दिवशी बाहेरचा शेक देत नाहीत. आपण पहिल्या शेकाची तारीख घ्या, त्यात ५६ दिवस मिळवा आणि ती तारीख डॉक्टरांपुढे ठेवून, ‘ब्रॅकीथेरपी धरून आपण या तारखेच्या आत पूर्ण करू शकतो का?’ असे शांतपणे विचारा. बाहेरच्या शेकांनंतर ब्रॅकीथेरपीची तारीख आजच निश्चित करून घ्या. ती टाळून केवळ बाहेरच्या किरणांवर भागवणे या रोगात अपुरे असते, कारण गाठीला हवी असलेली एकूण ८० ते ९० ग्रेची मात्रा बाहेरून देऊ गेल्यास मूत्राशय आणि गुदाशयाला ती सोसत नाही. ज्या केंद्रात ब्रॅकीथेरपीची सोय नाही, त्याने ती कोठे आणि कधी होणार हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

एक गोष्ट आपल्या बाजूचीही लिहितो. पोळा, दिवाळी किंवा धानाची कापणी आली की पूर्व विदर्भातील पुष्कळ रुग्ण चार दिवस गावी जातात आणि आठवड्याने परत येतात. हा खंडही मशीन बंद पडण्याइतकाच घातक असतो. दर आठवड्याला दिली जाणारी सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची बाटलीही चुकवू नये, आणि हिमोग्लोबिन उतरले असेल तर रक्त देण्याविषयी विचारावे.

प्रश्न : माझ्या काकांचा फुफ्फुसाचा कर्करोग मणक्यात पसरला आहे. पाठदुखीसाठी त्यांना फक्त एकच शेक दिला आणि घरी पाठवले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला ३५ शेक होते. काका महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेत असल्यामुळे त्यांना कमी दिले गेले का?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : नाही. हाडातील वेदना शमवण्यासाठी ८ ग्रेचा एकच शेक हा अनेक चाचण्यांत पारखलेला उपचार आहे. दुखणे कमी करण्यात तो १० शेकांइतकाच उपयोगी ठरतो. दुखणे परत येऊन पुन्हा शेक देण्याची वेळ एकाच शेकानंतर अधिक वेळा येते, आणि तसा तो देताही येतो. प्रवास सोसवत नसलेल्या माणसाला दहा वेळा भंडाऱ्याहून नागपूरला न आणणे हाच येथे चांगला दर्जा आहे. मात्र पायांत शक्ती कमी वाटणे, मुंग्या येणे किंवा लघवी अडणे असे काही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती लक्षणे असतात आणि त्यात तासांना किंमत असते.

प्रश्न : माझ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी १५ शेक झाले. शेवटी काखेतील कातडी सोलवटली. मे महिन्यातील उपचार होते. किरण जास्त पडले असतील का? आता उपचार संपल्यावर दर्जा कसा कळणार?
— एक वाचक, काटोल

उत्तर : कातडीच्या घड्यांत, म्हणजे काखेत आणि स्तनाखाली, घाम आणि घर्षण यांमुळे प्रतिक्रिया अधिक होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ती वाढणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून मात्रा चुकली असे म्हणता येत नाही. १५ शेकांत ४० ग्रे ही ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेली, आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत आहे. उपचार संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत कातडी बहुधा भरून येते. ती भरत नसेल, ताप येत असेल किंवा पू दिसत असेल, तर मात्र दाखवायला हवे. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते : अंगावर काढलेल्या खुणा घामाने पुसट होतात, आणि काही रुग्ण त्या घरीच पेनाने पुन्हा गिरवतात. हे कधीही करू नये. खूण पुसट झाली, तर तंत्रज्ञांना सांगावे. ते मोजून नव्याने काढतात.

दर्जाचा जो भाग आता तपासता येईल, तो कागदांवर आहे. उपचार संपल्यावर मिळणाऱ्या सारांशात किती ग्रे, किती भागांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भागावर आणि कोणत्या पद्धतीने दिले, हे सर्व लिहिलेले असले पाहिजे. डाव्या बाजूचा स्तन असेल, तर हृदयावर सरासरी किती मात्रा पडली हेही मागून घ्यावे. केवळ ‘रेडिएशन पूर्ण झाले’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका. लेखी अर्ज देऊन तपशील मागा. पुढे त्याच भागाजवळ पुन्हा किरण देण्याचा प्रसंग आला, तर आधीची मात्रा माहीत नसल्यास डॉक्टरांचे हात बांधले जातात. शक्य असल्यास प्लॅनची संगणकीय प्रतही सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी.

पहिल्या पत्रातील वाचकांनाही हे लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे. मानेवर किरण घेतलेल्या माणसात थायरॉईडचे काम काही वर्षांनी मंदावू शकते, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी त्याची रक्ततपासणी करावी लागते. जबड्यावर ६० ग्रे पडल्यानंतर त्या भागातील दात काढल्यास हाड न भरता सडण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. दाताचे कोणतेही काम करण्यापूर्वी हा सारांश दंतवैद्याला दाखवावा आणि दात काढण्याचा निर्णय त्यांनी कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.